परांचीचा मालक कोण?

(बांधकाम अभियंते, ठेकेदार व कामगार यांच्या वसई येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल आभार. गवंडी, बिगारी, रंगारी मंडळींनी मागच्या रांगा भरल्या, त्याबद्दल जास्त आभार. बांधकामाच्या परिषदांना बिल्डर येतात, सिमेंटवाले येतात. प्रत्यक्ष बांधणारा सहसा येत नाही. आज तो आला आहे, आणि आजचा त्याचा खाडा धरायचा नाही हे संयोजकांनी ठेकेदारांकडून कबूल करून घेतलं आहे. परांचीवरच्या माणसाचं सुरक्षा-प्रशिक्षण हा माझा विषय, आणि प्रशिक्षणाच्या वेळेची मजुरी कोण देणार, हा त्यातला पहिला प्रश्न आहे. निदान आजच्यापुरता तो सुटला.

नायगावहून विरारपर्यंत लोकलच्या खिडकीतून पाहिलं, की हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या इमारती संपत नाहीत. चार नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथली वस्ती सव्वाबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर शहर भातखाचरांवर पसरलं, मिठागरांच्या कडेला सरकलं आणि मुख्य म्हणजे वर गेलं. ते वर नेणारा माणूस रोज परांचीवर उभा असतो. त्याला आपण काय शिकवतो?

त्याआधी एक कागद बघू. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत बाहेरच्या प्लास्टरची बाब काढा. वर्णनाच्या शेवटी परांची आणि पाणी मारण्यासह काम पूर्ण, अशा अर्थाचे शब्द सापडतील. खाजगी कामांची अंदाजपत्रकंही याच वळणाची असतात. परांची प्लास्टरच्या दरात विरघळलेली असते. ज्या वस्तूला बिलात स्वतःची ओळ नाही, तिच्यावर वाचवलेला प्रत्येक बांबू आणि पाइप जोडणारा प्रत्येक कपलर ठेकेदाराच्या खिशात राहतो. मी ठेकेदारांना दोष देत नाही. दर असे लिहिले, की माणूस असाच वागणार.

दुसरा परिणाम याहून वाईट. परांची बांधतो एक, तिच्यावर प्लास्टर करतो दुसरा. प्लंबरला पाइप न्यायचा असतो, म्हणून तो मधला आडवा बांबू सोडवतो आणि तसाच ठेवून जातो. शेवटी रंगारी येतो तेव्हा भिंतीशी बांधलेल्या निम्म्या गाठी सुटलेल्या असतात आणि वरच्या फळ्या कुणीतरी खालच्या कामाला नेलेल्या असतात. तो पडला, की साइटवर विचारा: ही परांची कुणाची? उत्तर मिळत नाही. बिलात नसलेली वस्तू जबाबदारीतही कुणाची नसते.

अशा ठिकाणी प्रशिक्षण म्हणजे काय होतं, हे आपण सगळे जाणतो. सकाळी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करायचं, हेल्मेट घालायला लावायचं, फोटो काढायचा, हजेरीवर अंगठा घ्यायचा. मग सांगायचं, ‘बेल्ट लावा’. बेल्ट कुठे अडकवायचा, हे मात्र सांगायचं राहतं. थोडा हिशेब करू. पट्ट्याचा दोर सुमारे दोन मीटर. धक्का शोषणारा भाग उलगडला, की आणखी मीटर-दीड मीटर. त्याखाली लोंबणाऱ्या माणसाचं अंग दीड मीटर, आणि वर थोडी राखीव जागा. हूक पायाजवळ अडकवला असेल, तर खाली सहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या मजल्यावर, तीन मीटरवर काम करणारा माणूस पट्ट्यासकट जमिनीवर आदळेल. त्याचा हूक डोक्याच्या वर हवा, आणि तो परांचीच्या बांबूला नको, इमारतीला बांधलेल्या वेगळ्या दोराला हवा. नाहीतर परांचीबरोबर पट्टाही खाली येईल. पट्टा हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधी कमरेइतका कठडा, पायाशी उभी फळी, फटी नसलेली वाट आणि चढायला शिडी हवी. नऊ मीटरवरून माणूस दीड सेकंदाच्या आत खाली येतो आणि ताशी पंचेचाळीस किलोमीटरहून जास्त वेगाने आदळतो. तेवढ्या वेळात शिकवलेलं आठवत नाही. बांधलेलं असेल तेच वाचवतं.

म्हणून खरं प्रशिक्षण आधी परांची बांधणाऱ्याला हवं, मग ती तपासणाऱ्याला, आणि मग तिच्यावर चढणाऱ्याला. भारतीय मानक ३६९६ चा परांचीविषयीचा पहिला भाग १९८७ पासून उपलब्ध आहे. त्यात आपल्या मातीची भर आपणच घालायची आहे. इथली जमीन खारट, चिकणी आणि पावसात लोण्यासारखी मऊ. उभा पाइप नुसत्या मातीवर टेकवला, की एक पाय खचतो आणि सगळा भार शेजारच्या पायावर जातो. खाली बेस प्लेट आणि तिच्याखाली जाड लाकडी फळी ही इथली किमान गरज आहे. जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं तेव्हा मिठागराच्या वस्तीत माणसं अडकून पडली होती. असं पाणी ओसरल्यावर त्यात उभी राहिलेली परांची पुन्हा तपासल्याशिवाय वापरायची नाही, हे प्रत्येक मुकादमाला पाठ हवं. खाऱ्या हवेने कपलरचे आटे गंजतात, भिजून-वाळून काथ्या सैल होतो, बांबू आतून कुजतो. हे बोटांनी ओळखायला शिकवता येतं. वर्गात नाही, परांचीपाशी उभं राहूनच.

आता शिकणारा कोण ते पाहू. कामाच्या शोधात सकाळी नाक्यावर उभा राहणारा माणूस आज या साइटवर, उद्या त्या. कुणी मराठवाड्यातून आलेला, कुणी उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचा. आणि आपल्याच जिल्ह्यातले, जव्हार-मोखाड्याचे वारली-कोकणा जोडीने येतात. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की ते उतरतात आणि होळीला परत जातात. त्यांना इथे शोधत बसण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षण त्यांच्या पाड्यांवर न्यावं. एका पाड्यातले दोघे परांची बांधायचं काम नीट शिकले, तर बाकीच्यांचा त्यांच्यावर विश्वास बसतो. तो आपल्या पत्रकावर बसत नाही. बायकांनाही त्यात घ्या. उतारावरून डोक्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या बाईला कठड्याची गरज गवंड्याइतकीच आहे.

प्रशिक्षणाला पैसा नाही, असं म्हणू नका. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठीच्या १९९६ च्या कायद्यानं बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर लागू झाला. २०११ मध्ये राज्याचं कल्याणकारी मंडळ उभं राहिलं. कामावर मृत्यू झाला, तर नोंदीत कामगाराच्या वारसांना मंडळ पाच लाख रुपये देतं. हे हवंच. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज मालक बदलणाऱ्या नाका कामगाराला तो द्यायला कुणी तयार नसतं. शिवाय दहापेक्षा कमी माणसांची कामं कायद्याच्या चौकटीबाहेर पडतात. आपल्या शहरातल्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांची गिलावा-रंगाची कामं बहुतेक अशीच, पाच-सहा जणांची. आता कामगार सुरक्षेची २०२० ची नवी संहिता आली, पण ही फट तशीच आहे. १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गावर गर्डर कोसळून वीस जण गेले, तेव्हा देशभर बातमी झाली. एकटा पडणारा रंगारी पोलिस ठाण्यात अकस्मात मृत्यू म्हणून नोंदला जातो आणि तिथेच संपतो.

बाहेर काय चालतं? ब्रिटनमध्ये परांची बांधणाऱ्याला पायरीपायरीने प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. तो स्वतंत्र कारागीर मानला जातो. तिथे परांची दर सात दिवसांनी तपासून नोंद ठेवावी लागते. हाँगकाँगमध्ये बांबूची परांची बांधणं हा मानाचा, परीक्षा देऊन मिळवायचा धंदा आहे. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे दुरुस्तीसाठी परांची आणि जाळीने वेढलेल्या रहिवासी संकुलाला आग लागून दीडशेहून अधिक माणसं मेली. चांगले कारागीर असूनही बाकीचं साहित्य तपासलं नाही, तर काय होतं, हे त्यातून घ्यावं. आपल्या हिरव्या जाळ्या पेट घेतात का, हे इथे कुणी तपासतं?

प्रशिक्षण घेतलेल्या कामगाराला परांचीतला दोष दिसेल. मग पुढे काय? तो म्हणाला, ‘साहेब, ही फळी हलते, मी चढत नाही’, तर त्याला त्या दिवसाचा पगार मिळणार, की उद्यापासून दुसरा माणूस उभा राहणार? याचं उत्तर बदललं नाही, तर शिकवून आपण त्याला फक्त त्याच्याच मरणाची आगाऊ कल्पना देऊ.

म्हणून आज दुपारच्या सत्रात चार ठराव मांडावेत, अशी माझी सूचना आहे. पहिला, प्रत्येक अंदाजपत्रकात परांचीची वेगळी बाब आणि वेगळा दर असावा, आणि प्रशिक्षणाच्या दिवसाची मजुरी त्यातूनच जावी. दुसरा, प्रत्येक परांचीवर तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख असलेली पाटी लागावी. पाटी नसेल तर चढणं बंद. तिसरा, पाच माणसांच्या रंगकामालाही हाच नियम सोसायट्यांनी करारात घालावा. चौथा, धोका दाखवून खाली उतरलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, असं सभागृहातल्या प्रत्येक ठेकेदारानं लिहून द्यावं.

पहिल्या तीन ठरावांना वेळ लागेल. महापालिका, शासन आणि सोसायट्यांकडे खेटे घालावे लागतील. चौथ्याला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही. त्याचा कागद या टेबलावर ठेवला आहे. अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी. दुसरी कुणाची, ते जेवणाच्या सुट्टीआधी कळू द्या.