गठ्ठा कलिन्याला पोचेपर्यंत



२०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा झाल्या. मुलांनी पेपर लिहिले, गठ्ठे बांधले गेले आणि मग निकालाची वाट पाहणे सुरू झाले. ते फार लांबले. त्या वर्षीपासून सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे विद्यापीठाने ठरवले होते. उत्तरपत्रिका सुमारे १७ लाख आणि लावायचे निकाल ४७७. कायदा सांगतो की निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागावा. जुलै उजाडला तरी बहुतेक निकालांचा पत्ता नव्हता. राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत घालून दिली. तीही टळली. शेवटचे निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

कल्पना चांगलीच होती. पडद्यावर तपासलेल्या पेपरात गुणांची बेरीज चुकत नाही आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले तर यंत्रणा अडवते. रत्नागिरीतल्या प्राध्यापकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाने ही पद्धत मुंबईच्या कितीतरी आधी स्वीकारली होती.

घोळ झाला तो वेळेच्या हिशेबात. परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या आणि तपासणीच्या यंत्रणेचे कंत्राट त्यानंतर दिले गेले. एका उत्तरपत्रिकेची सरासरी ३० पाने धरली, तर १७ लाख उत्तरपत्रिकांची पाच कोटींहून अधिक पाने होतात. ४५ दिवसांत एकही सुट्टी न घेता ती स्कॅन करायची म्हटली, तरी रोज ११ लाखांहून जास्त पाने यंत्राखालून जायला हवीत. तपासणी त्यानंतरची. त्याहीनंतर मॉडरेशन, गुणांची जुळणी आणि निकालपत्र. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल. ते कुणी मांडले नाही, की मांडूनही कुणी ऐकले नाही, हा खरा चौकशीचा प्रश्न आहे. दरम्यान प्राध्यापकांना नवी यंत्रणा घाईघाईने शिकावी लागली आणि काही उत्तरपत्रिका सापडेनात. परदेशात किंवा पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेऊ पाहणारी मुले हातात निकाल नसल्यामुळे ताटकळली.

असे फक्त आपल्याकडेच होते, असेही नाही. केंब्रिज विद्यापीठाने ऑगस्ट २००० मध्ये नवी संगणकीय हिशेबप्रणाली सगळ्या विभागांत एकाच दिवशी सुरू केली. आपल्या खात्यात किती पैसे उरले, हे विभागांना कळेना. मग विद्यापीठाने अँथनी फिंकलस्टीन आणि मायकेल शॅटॉक या दोघांकडून चौकशी करवून घेतली. पहिले संगणकशास्त्राचे प्राध्यापक, दुसरे विद्यापीठ प्रशासनातले जाणकार. २००१ मध्ये अहवाल आला, आणि त्यातला मोठा ठपका यंत्रणेपेक्षा निर्णय घेणाऱ्या व्यवस्थेवर होता. विद्यापीठाने तो दडवला नाही, स्वतःच्या राजपत्रात छापला. आपल्या विद्यापीठांनी केंब्रिजकडून घेण्याजोगी ही पहिली गोष्ट.

आपल्याकडे अजूनही संगणकाचे काम म्हणजे खरेदीचे काम, अशी समजूत आहे. निविदा निघते, कंपनी येते आणि विद्यापीठ निर्धास्त होते. पण हॉल तिकीट वेळेवर मिळाले नाही तर मूल कंपनीकडे जात नाही, कॉलेजच्या खिडकीशी उभे राहते. म्हणून विद्यापीठाला स्वतःचे, कायम नेमणुकीचे प्रकल्प कार्यालय हवे. त्यात संगणक जाणणारे हवेत, तसाच परीक्षा विभागात वीस वर्षे काढलेला अधीक्षकही हवा, कारण पुरवणी कुठे बांधतात आणि गैरहजर मुलाची नोंद कुठे होते, हे त्यालाच ठाऊक असते. कुलगुरू बदलले तरी हे कार्यालय बदलू नये. आणि तयारी पुरी नसेल, तर काम थांबवा असे लेखी सांगण्याचा अधिकार त्याला असावा. माझ्या मते बाकी सगळे या एका अधिकारावर अवलंबून आहे.

असे कार्यालय २०१७ मध्ये मुंबईत असते तर? मुंबई विद्यापीठाची हद्द सिंधुदुर्गापर्यंत जाते. जानेवारीतच सावंतवाडीच्या एखाद्या कॉलेजातून २०० जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कलिन्याला, विद्यापीठाच्या संकुलात, मागवता आला असता. बारकोड चिकटवायचा, स्कॅन करायचा, चार प्राध्यापकांना तपासायला द्यायचा आणि गाडीत चढल्यापासून गुण हातात येईपर्यंत किती तास गेले, ते वहीत लिहायचे. मग तोच हिशेब १७ लाखांना लावायचा. पहिला पेपर सुरू होण्याआधीच कुलगुरूंच्या टेबलावर एका ओळीची टिपणी पोचली असती: यंदा एकाच शाखेचे पेपर पडद्यावर, बाकीचे कागदावर.