गोळीमागे किती?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझपदक मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचं नाव देशभर झालं. सरावाच्या गोळ्यांसाठी त्याच्या शिक्षक वडिलांनी कर्ज काढलं होतं, हेही तेव्हा छापून आलं. रायफल एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते, गोळी उडाली की गेली. मुलाला नेमबाजी शिकवायची म्हटलं की घरातलं जाणतं माणूस म्हणूनच विचारतं, गोळीमागे किती पडणार?

आणि मोबाइलवर परदेशी व्हिडिओ पाहिलेला मुलगा म्हणतो, तिकडे लोक घरीच काडतुसं भरतात, स्वस्त पडतं. पडतं का खरंच?

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की बाकी सगळं संपतं, पुंगळी तेवढी उरते, आणि बहुधा सगळ्यांत महाग भाग तोच. अमेरिकेतला हौशी नेमबाज ती वेचून घरी आणतो आणि पुन्हा पुन्हा भरतो. त्याची बचत असते ती मुख्यतः या पितळेत. पण त्याआधी प्रेस, साचे, दारू तोलायचा नाजूक काटा हे सगळं घ्यावं लागतं. समजा त्याला ३०,००० रुपये लागले आणि काडतुसामागे १० रुपये वाचले, तर ३,००० बार होईपर्यंत फक्त भांडवलच वसूल होतं. स्वतःच्या वेळेचे पैसे तर कुणी धरतच नाही. आणि काडतूस स्वस्त झालं की माणूस जास्त उडवतो, म्हणजे महिन्याचा खर्च होता तिथेच राहतो! शिवाय धोका आहेच. पिस्तुलाच्या काडतुसात दारू असते चिमूटभर. ती चुकून दोनदा पडली तरी कित्येकदा पुंगळीत मावून जाते, आणि मग पिस्तूल हातातच फुटू शकतं. हे काम नवशिक्याचं नव्हेच.

आपल्याकडे तर हा हिशोब सुरूच होत नाही. तिकडे घरोघर भरलं जाणारं ९ मिलिमीटरचं काडतूस इथे सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या मापात मोडतं. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारातलं काडतूस पॉइंट टू टू. त्याला वेगळी टोपी नसते. ठिणगीचं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, आणि घोड्याच्या फटक्याने ती कड चेपली की पुंगळी भंगारात. राहिला १९५९ चा शस्त्र कायदा. त्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळाच ठरतात. विनापरवाना दारूगोळा बनवला तर किमान सात वर्षं कैद, कमाल जन्मठेप. कुणाला शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवाना शाखेत विचारावं, व्हिडिओला विचारू नये.

तसं पाहिलं तर हाताने बार भरणं कोकणाला नवं नाही. भातात रानडुकरं, बागेत माकडं, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक आपल्याकडे अजून आहे. तिला पुंगळीच नाही. दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून जातात, गजाने ठासले जातात. पितळेचा खर्च वाचला, म्हणून बार स्वस्त. पण किती भरायचं ते वडीलधाऱ्यांच्या अंदाजावर, आणि पावसाळ्यात दारू सर्दावली की बार दगा देतो. भरलेली बंदूक तशीच कोपऱ्यात उभी करून ठेवायची सवयही काही घरांत आहे. अशा बंदुकांच्या अपघातांच्या बातम्या आपण वाचतो, आणि त्यातल्या कित्येक बंदुका विनापरवाना निघतात. या बंदुकीचं कौतुक करणारी मंडळी मला भेटतात. माझं मत मात्र असं, की ती स्वस्त बिलकूल नाही, तिचं बिल फक्त उशिरा येतं.

मग नवशिक्याने काय करावं? दहा मीटर एअर पिस्तूल. यात दारू नाही, पुंगळी नाही. दाबलेल्या हवेवर शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. या मापाच्या आणि २० जूलपर्यंतच्या ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. छर्रा रुपया-दोन रुपयांचा धरला, तर ६० नेमांचा अख्खा सामना सव्वाशे रुपयांच्या आत होतो. शिवाय मोठमोठे नेमबाज रोज कोरडा सराव करतात. छर्रा न भरताच नेम धरायचा, श्वास सांभाळायचा आणि चाप अलगद दाबायचा. त्याला खर्च शून्य.

परदेशी पिस्तुलाची किंमत लाखाच्या पुढे जाते, म्हणून पहिलं वर्ष ते विकत घेऊच नये. क्लबचं वापरावं, प्रशिक्षक सांगेल तेव्हा पाहावं. रत्नागिरीच्या मुलाच्या हिशोबात मोठा आकडा मग आंबा घाट चढून कोल्हापूरच्या दुधाळी रेंजवर जाण्या-येण्याचा निघेल. तो आधी वहीत मांडा, पिस्तुलांच्या किमती नंतर विचारा.