हाडात अजून काही उरलं आहे का?

श्रोतेहो, जुन्या सांगाड्यांमधून डीएनए कसा काढतात, यावर बोला, असं मला रेडिओ केंद्राने सांगितलं आहे. पण मी त्याच्या आधीच्या पायरीवरच रेंगाळणार आहे. काढायचा तो नंतर. आधी तो हाडात उरला आहे का, हे ओळखायचं कसं?

कारण बहुतेक वेळा तो उरलेला नसतो. हरियाणातल्या राखीगढीचं उदाहरण घ्या. आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या हडप्पाकालीन दफनभूमीत उत्खनन केलं. सांगाड्यांचे 61 नमुने तपासले गेले. त्यांतल्या एकाच नमुन्यात, एका स्त्रीच्या हाडात, कामापुरता डीएनए मिळाला. आणि तोही इतका तुटपुंजा की शंभराहून अधिक वेळा प्रयत्न करून थेंबे थेंबे गोळा करावा लागला. 2019 साली निष्कर्ष छापून आले तेव्हा सगळीकडे त्या एकीची चर्चा झाली. मला मात्र बाकीचे 60 नमुने विसरता येत नाहीत.

असं का होतं? उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. खडखडीत वाळवलेला पापड वर्षभर टिकतो. डब्याचं झाकण श्रावणात उघडं राहिलं, की तोच पापड मऊ पडतो, त्याला बुरशी धरते. डीएनएचंही तसंच. ओलीने त्याची साखळी तुटते आणि उष्णतेने ती भराभर तुटते. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतून 20 लाख वर्षांपूर्वीचा डीएनए हाती आला. आणि आपल्याकडे? शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं, उत्खनन झालेलं इनामगाव घ्या. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात चिखल. तिथल्या हाडांनी असे सुमारे तीन हजार पावसाळे काढले आहेत. म्हणून सांगतो: हाडाचं वय नंतर विचारा, आधी जागा विचारा. थंड होती का, कोरडी होती का?

दिसण्यावर तर मुळीच जाऊ नका. वजनदार, गुळगुळीत, सुरेख हाड आतून रिकामं निघतं. मातीतले क्षार शिरून ते जड झालेलं असतं.

आता माझ्या आवडत्या हाडाकडे येतो. कानामागे बोट लावून पाहा. तिथला उंचवटा लागतो ना, त्याच्या आत, कवटीच्या तळाशी, आंतरकर्णाला कुशीत घेऊन एक हाड बसलेलं आहे. त्याला पेट्रस म्हणतात, म्हणजे दगडासारखं. ते खरोखरच शरीरातलं सर्वांत घट्ट हाड. मांडीचं हाड आयुष्यभर झिजतं, नव्याने घडत राहतं. हे मात्र लहानपणीच घडून जवळजवळ तसंच राहतं. जिथे बाकी सांगाड्यात काही सापडत नाही, तिथे या सुपारीएवढ्या घट्ट भागात पुष्कळदा सापडतं. त्याच्याखालोखाल दातांची मुळं.

मग हाडाची चिमूटभर पूड काढून त्यातला डीएनए थोडासाच वाचून पाहायचा. मातीतल्या जिवाणूंचे तुकडेच जास्त असतात; शंभरात एखादाच माणसाचा. पण तो माणूस जुना की कालचा? घरातली जुनी पोथी आठवा. पानं तुटलेली, कडा तपकिरी. त्यात एखादं पांढरंशुभ्र पान निघालं, तर ते मागाहून घातलेलं, हे लगेच कळतं. जुना डीएनए तसाच कडांना खराब झालेला असतो: तुकडे आखूड, आणि टोकांशी डीएनएच्या लिपीतलं 'सी' हे अक्षर बिघडून 'टी' वाचलं जाणारं. लांबलचक, स्वच्छ तुकडा मिळाला, की मी आनंदत नाही, धास्तावतो. तो बहुधा हाड उचलणाऱ्याच्या बोटांचा असतो.

आणि इथे मला थोडं रागावू द्या. विहीर खणताना, पाया काढताना हाडं निघतात. लोक ती उचलतात, नळाखाली धरतात, घासतात. श्रोतेहो, हाड धुऊ नका! मी विद्यार्थी असताना आम्हीही उत्खननावर बादलीत हाडं बुडवून दातांच्या ब्रशने घासली आहेत, स्वच्छ केली म्हणून शाबासकी घेतली आहे. तीन हजार पावसाळ्यांतून जे काही उरलं असेल, ते आम्ही एका दुपारी वाहून घालवलं. हात लावू नका, धुऊ नका, तहसीलदारांना किंवा पुरातत्त्व विभागाला कळवा. काय म्हटलं मी? धुऊ नका.

काचेपलीकडून खूण झाली आहे, आणि इनामगावचे कुंभ तर राहूनच गेले. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे खोदकाम केलं. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन मातीचे कुंभ, आणि त्यांत तान्हं मूल. एवढ्याशा बाळाच्या कवटीचे पापुद्रे होतात, पण कानाजवळचं ते हाड पुष्कळदा टिकतं, करंगळीच्या पेरापेक्षा थोडंसंच मोठं. पूड काढायला त्याला छिद्र पाडायचं का? शेजारी पडलेलं जनावराचं हाड आधी तपासा. त्याच कुंभाजवळचं, त्याच मातीतलं. त्यात काही निघालं, तरच बाळाकडे वळा.