नावं नंतर विचारली

स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला इथं संत याकोबाची कबर आहे, अशी कॅथलिकांची श्रद्धा. फ्रान्सच्या सीमेपासून तिथवरची पायवाट सुमारे ८०० किलोमीटरची. पाठीवरच्या पिशवीला शिंपला बांधलेला दिसला, की अनोळखी यात्रेकरूही 'बुएन कामिनो' म्हणतो. म्हणजे वाट सुखाची होवो. आपल्या वारीतल्या 'माउली'सारखंच हे!

वाटेत सुमारे १५०० मीटर उंचीवर लोखंडी क्रूस आहे. त्याच्या पायथ्याशी यात्रेकरू घरून आणलेला दगड ठेवतात. एका जर्मन आजोबांनी दिवंगत पत्नीचं नाव लिहिलेला दगड ठेवला, तेव्हा मी हात पसरून दुवा मागितली. त्यांनी माझा धर्म विचारला नाही, 'कुणासाठी?' एवढंच विचारलं.

'तुमच्या पत्नीसाठी.'

त्यांनी पिशवीतला पाव मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. एकमेकांची नावं आम्ही त्यानंतर विचारली.