छायाचित्रणाच्या सरावातून येणारी दृष्टी



छायाचित्रण ही कला की तंत्र, हा वाद त्या विद्येइतकाच जुना आहे. परंतु ज्यांनी ती वर्षानुवर्षे निष्ठेने आचरली त्यांच्या कामाकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, तिचे मोठे देणे माणसाच्या घडणीत आहे. समोर जे आहे ते नीट पाहावे, जसे आहे तसे नोंदवावे आणि त्या नोंदीची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्यावी, अशी सवय या विद्येने लागते, आणि पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणाला ती शेतात, कचेरीत, वर्गात, सगळीकडे उपयोगी पडते. फुलंब्रीतील या पदवीदान समारंभात हा विषय मांडण्याला विशेष औचित्य आहे, कारण येथून सिल्लोडमार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता ज्या अजिंठ्याला पोहोचतो, तेथे भारतातील आरंभीच्या छायाचित्रणाचा एक महत्त्वाचा अध्याय घडला.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक केली. वाघूर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात कोरलेल्या या लेण्यांच्या परिसरात गिल यांनी उरलेले बहुतेक आयुष्य घालवले आणि कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत मोजक्या वगळता जळून गेल्या. दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता, आणि स्थापत्याचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची ७४ छायाचित्रे १८६४ मध्येच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. एका काचेवरून अनेक प्रती निघत असल्यामुळे ही नोंद एकाच इमारतीच्या भवितव्याशी बांधलेली राहिली नाही.

त्या काळी रूढ असलेली ओल्या काचेची पद्धत, जी फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केली, ती थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ इथर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवला की कलोडियन नावाचा चिकट द्रव तयार होतो; तो स्वच्छ काचेवर सर्वत्र सारखा पसरवायचा, मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदनशील करायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात नेऊन तिच्यावरील प्रतिमा रसायनांनी उमटवायची. एवढ्या सगळ्याला हाताशी काही मिनिटेच असत, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तीही कमी होत. म्हणून उभे कोठे राहायचे, ऊन कोणत्या कोपऱ्यावर केव्हा येईल, चौकटीत काय घ्यायचे, हे सारे काच ओली करण्याआधीच ठरवावे लागे. आज मोबाइलवर हवी तेवढी चित्रे घेता येतात, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र निर्णय आधी आणि कृती नंतर हा क्रम या सोयीने मोडू देऊ नये, कारण नंतर निवडू असे म्हणून गोळा केलेली शेकडो चित्रे बहुधा कोणीच निवडत नाही.

आगीनंतरही गिल यांनी अजिंठ्याचे काम पुन्हा हाती घेतले, आणि १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला; त्यांची कबर भुसावळला आहे. दरम्यान १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थी, म्हणजे आजच्या स्नातकांच्याच वयाची मुले, प्रतिकृती करीत राहिले, आणि लंडनला पाठवलेल्या त्यांच्याही पुष्कळ प्रती दुसऱ्या एका आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. केलेले काम टिकेलच असे आश्वासन कोणालाच मिळालेले नसते. तरीही पुढच्या पिढीने त्याच भिंतीसमोर पुन्हा उभे राहण्याचे धैर्य दाखवले, हे या इतिहासातील सर्वांत मोलाचे आहे.

छायाचित्रणाच्या साधनेतले दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याचे रोप कुंडीत लावून, कॅमेरा जागचा न हलवता, महिन्याहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली, आणि त्यातून बी रुजण्यापासून वेल चढण्यापर्यंतची वाढ मिनिटभराच्या पडद्यावर दाखवली. डोळ्यांना न दिसणारी गती अशी अंतराअंतराने टिपून दाखवण्याच्या या पद्धतीत छायाचित्रकाराला घाई करून चालत नाही, कारण रोप त्याच्या सोयीने वाढत नाही. एक दिवस चुकला तर ती उणीव पडद्यावर कायमची राहते. ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा करताना हाच लघुपट फाळक्यांच्या कामी आला, म्हणजे त्यांचे तारण ही त्यांची चिकाटीच होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने कालवीत आणि फिल्म धुण्याचे काम करीत, ही गोष्ट पदवीच्या दिवशी मुद्दाम सांगायला हवी. ज्यांची नावे पडद्यावर येत नाहीत अशा माणसांच्या कष्टांवरच बहुतेक पदव्या उभ्या असतात, आणि आज या सभागृहात ती माणसे मागच्या रांगांत बसलेली आहेत.

तंत्राकडे वळले तरी हीच शिस्त भेटते. भिंगामधले कमीजास्त उघडणारे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर आणि प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा हे ठरवणारी झडप म्हणजे शटर. छिद्र मोठे केले तर प्रकाश वाढतो, पण जवळचे आणि दूरचे सारखे स्पष्ट राहत नाही, आणि झडप अधिक वेळ उघडी ठेवली तर हलणारी वस्तू पुसट होते. प्रकाश तेवढाच असताना एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागते, आणि काय सोडले हे ज्याला सांगता येते त्यानेच खरा निर्णय घेतलेला असतो. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, कारण तीव्र प्रकाशाने जुन्या रंगांना धोका पोहोचू शकतो. छायाचित्रकार बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकात तेथील चित्रांची जी छायाचित्रे काढली, ती प्रखर दिवे न लावता, अत्यंत मंद प्रकाशात झडप दीर्घ काळ उघडी ठेवून काढली, आणि त्या रंगांची श्रीमंती त्यातून जगापुढे आली. जे पाहायचे त्याला इजा न करता पाहण्याची ही मर्यादा पत्रकार, डॉक्टर, संशोधक, अधिकारी अशा प्रत्येकाने शिकावी. दुष्काळात टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाईचे चित्र घेणाऱ्यालाही तीच लागू आहे. तिची संमती आणि तिची प्रतिष्ठा चित्राच्या परिणामापेक्षा मोठी आहे.

छायाचित्र हा पुरावा असतो, हे या तालुक्यातील शेतकऱ्याच्या मुलामुलींना वेगळे सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून मोबाइलने मका, कपाशी असे जे पीक असेल त्याचे छायाचित्र घेतो, स्थानाच्या नोंदीसह ते अ‍ॅपवर भरतो, आणि त्यावरून सातबाऱ्यावर पीक चढते. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे काम जमत नसेल, तर ते नेमके आणि प्रामाणिकपणे करून देणे ही शिकलेल्या मुलीची किंवा मुलाची पहिली सेवा ठरेल. तेथे चुकीचा गट क्रमांक किंवा दुसऱ्याच्या शेताचे चित्र गेले, तर त्याचा भुर्दंड कुटुंबाला भरावा लागतो.

चित्र घेतल्यानंतर एक काम उरते, ते म्हणजे त्याखाली नाव, गाव आणि तारीख लिहिणे. कित्येक घरांत भिंतीवर टांगलेल्या जुन्या तसबिरीतील व्यक्ती कोण, हे सांगणारे शेवटचे माणूस गेले की ती ओळख कायमची जाते. म्हणून प्रत्येक स्नातकाने येत्या वर्षात आपल्या गावातील एखादी बारव, एखादा जुना वाडा, गिरिजा नदीचा एखादा काठ, एखादा कारागीर किंवा एखादी आजी यांपैकी कोणाचीही नोंद परवानगी घेऊन करावी, तिच्यासोबत नाव, ठिकाण आणि दिवस लिहावा, आणि तिची एक छापील प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी, अशी आजच्या दिवशी त्यांना आग्रहाची विनंती आहे.