गावाची रुई आणि फुलपाखरांची पिढी
(भाषणाचा मजकूर)



गावात स्वच्छतेचे काम निघाले की रस्त्याकडेच्या रुईवर पहिली कुऱ्हाड पडते. गुरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत आणि चिकाच्या भीतीने माणसेही दूर राहतात. त्यामुळे निरुपयोगी झुडूप अशीच तिची गणना होते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहणारे हातही तिला तोडताना थबकत नाहीत. ही गणना कितपत रास्त आहे, याचा विचार ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

इंग्रजीत 'प्लेन टायगर' म्हणून ओळखले जाणारे, नारिंगी रंगाचे व काळ्या कडांचे फुलपाखरू राज्यात सर्वत्र आढळते. त्याची मादी रुईच्या पानावर एकेक सुटे अंडे घालते. काही दिवसांत त्यातून काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी बाहेर पडते. पान खाण्यापूर्वी ती शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते. रुई व तिच्या कुळातील वनस्पती हेच तिचे अन्न होय. ज्वारी, तूर वा कपाशीला तिचा उपद्रव नाही. फुलातील मध फुलपाखरास अनेक ठिकाणी मिळतो. परंतु अळीचे अन्नच नाहीसे झाले तर पुढची पिढी निपजत नाही.

रुई ही मूळची याच भूभागातील. खोल मुळे व पानांवरील पांढुरका थर यांमुळे ती भर उन्हाळ्यातही हिरवी राहते. मराठवाडा व माणदेशासारख्या अवर्षणग्रस्त भागात पाणी घालून बाग राखणे परवडत नाही. रुईस मात्र मुरमाड बांधही पुरतो. रोपवाटिकेत मिळणारे, तांबड्या-पिवळ्या फुलांचे तिच्या कुळातील शोभेचे झुडूप मूळचे अमेरिकेतील आहे. घरची रुई असता त्याची गरज नाही.

लागवड सोपी आहे. बोंडे फुटून मुलांच्या ओळखीच्या 'म्हाताऱ्या' उडू लागल्या की बी गोळा करावे व पावसाळ्याच्या आरंभी पेरावे. झुडूप जून झाल्यास छाटावे, म्हणजे अळ्यांना कोवळी पाने मिळतात. पिवळा मावा दिसला तरी कीटकनाशक फवारू नये, कारण त्याने अळ्याही मरतात. जवळ खुळखुळ्याची झाडे राखल्यास त्यांच्या वाळत्या भागांवर नर फुलपाखरे जमतात.

एक दक्षता मात्र अनिवार्य आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास बुबुळास गंभीर इजा होते. म्हणून शाळेच्या क्रीडांगणावर वा पायवाटेलगत ती लावू नये. गायरानाचा कोपरा किंवा ओढ्याचा काठ निवडावा. छाटणी प्रौढांनीच हातमोजे घालून करावी. चीक डोळ्यांत गेलाच तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन तात्काळ डॉक्टरांकडे जावे. मुलांनी निरीक्षण अंतरावरून करावे.

2015 मध्ये महाराष्ट्राने 'ब्लू मॉरमॉन' हे राज्य फुलपाखरू घोषित केले. असा मान फुलपाखरास देणारे हे देशातील पहिले राज्य होय. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. त्या नोंदवहीत रुईची जागा लिहावी आणि रस्ता साफ करण्यापूर्वी ते पान एकदा उघडावे. या कामास निधी लागत नाही; कुऱ्हाड उचलण्यापूर्वी पानाखाली पाहण्याची सवय तेवढी लागते.