डोंगरातील शाळा आणि विज्ञानमंडळ
(महोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सव म्हटला की दानाचा विषय निघतोच. या खेपेस जव्हार-मोखाड्याकडील शाळांतील विज्ञानमंडळांना साह्य करावे, अशी सूचना समितीपुढे आली असून तीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. सूचना उत्तम आहे. तथापि उपकरणांची पेटी पाठवावी, फलक लावावा आणि छायाचित्र काढून परतावे, एवढाच बेत असेल तर त्यास आमचा विरोध आहे. कारण ही चूक आम्ही स्वतः करून चुकलो आहोत.

काही वर्षांमागे आम्ही स्नेह्यांनी वर्गणी जमवून त्याच बाजूच्या एका शाळेस सूक्ष्मदर्शक, भिंगे व काचपात्रे यांचा संच दिला. दोन वर्षांनी पाहावयास गेलो, तो सूक्ष्मदर्शकावरील पिशवीसुद्धा निघाली नव्हती! गुरुजी ओशाळून म्हणाले, “डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली आहे, साहेब. एक परीक्षानळी फुटली तरी उत्तर मला द्यावे लागेल.” आम्हांस राग आला नाही, लाज वाटली. आम्ही वस्तू दिली होती, ती फुटण्याची मुभा दिली नव्हती.

ही गोष्ट ज्यांना आमच्या आधी पुष्कळ कळली होती, त्यांचे उदाहरण देतो. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. मुलांनी चार-चारांच्या टोळीने प्रयोग करावा आणि निष्कर्ष स्वतः काढावा, अशी रीत होती. साहित्याची पेटी तेथेही होती. परंतु पेटीमागे माणसे होती. शिक्षक दरमहा एकत्र जमत, फसलेले प्रयोग एकमेकांस सांगत. परीक्षेस पुस्तक उघडण्याची परवानगी होती. पुढे १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने हे काम वाहिले, व शेकडो शाळांत ते पोहोचले. २००२ साली राज्य सरकारने ते बंद केले, हा त्या कथेचा दुःखद भाग होय.

त्याच कार्यात १९७८ साली अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंता पुण्याच्या कारखान्यातून रजा काढून गेले. गावच्या आठवडेबाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्हट्यूब आणि आगपेटीतील काड्या जोडून त्यांनी आकृती बनविल्या. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. घराच्या छपराला कैची का घालतात, हे सुताराच्या मुलाला त्यावरून कळते, आणि काडी मोडली तर कोणाचा पगार कापला जात नाही.

सरकारही स्वस्थ नाही. २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेत शाळेस वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. मात्र तीस ऐसपैस स्वतंत्र जागा लागते, आणि दोन खोल्यांच्या शाळेने ती कोठून आणावी?

अशा शाळेत प्रारंभ एका काठीने होतो. सूर्य बरोबर माथ्यावर येण्याचे दिवस तिकडे वर्षातून दोन. त्यांतील एक मेच्या सुट्टीत जातो आणि दुसरा जुलैच्या ढगांत! असो. कोणत्याही निरभ्र दिवशी अंगणात काठी उभी रोवावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. सर्वांत आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखविते. पण ती घड्याळात बारा वाजता पडत नाही, त्यानंतर निदान वीस मिनिटांनी पडते. आपले घड्याळ पूर्वेकडील मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२½ अंश रेखांशाचे आहे, आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेस. “गुरुजी, घड्याळ चुकले की सूर्य?” असे एखाद्या पोराने विचारले, की मंडळ स्थापन झाले म्हणून समजावे.

सबब आमची मागणी अशी. पेटी लहान असावी. उरलेली रक्कम तीन वर्षांत वाटून द्यावी, म्हणजे फुटले-संपले ते दरवर्षी पुन्हा भरता येईल. आणि फुटल्याबद्दल जाब विचारणार नाही, असे आपण लेखी द्यावे. मुख्याध्यापकांची संमती घेऊन देणगीची अट म्हणूनच ते लिहावे. गुरुजींच्या मासिक बैठकीस एस.टी.चे भाडे व चहा आपला असावा. आपल्या धर्मग्रामात अभियंते आहेत, परिचारिका आहेत, मोटारी दुरुस्त करणारे तरुण आहेत. त्यांपैकी कोणी ना कोणी त्या बैठकीस गेले पाहिजे. मोटार दुरुस्त करणाराची तेथे अभियंत्याहून अधिक गरज पडेल, असा आमचा तर्क आहे.

पेटीची मागणी दुकानदाराकडे अद्याप गेलेली नाही. महिन्यातला एक शनिवार ज्यांना देता येईल, त्यांनी सभा संपताच आमच्याकडे नाव नोंदवावे. किती नावे येतात ते पाहून पेटी केवढी घ्यावयाची ते ठरवू.